फुकटकाका आणि खोडलेल्या ओळी

माणूस फुकट काही देऊ लागला की मी आधी त्याचे खिसे बघते. हा माझा स्वभाव आहे, आणि पंचवीस वर्षं नोंदणी कचेरीसमोर टायपिंगचं दुकान चालवल्यावर तो सुधारेल अशी आशा कुणी ठेवू नये. माझ्याकडे लोक टाइप करून घेतात ते काय? मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, घटस्फोटाचे अर्ज, भावाने भावाला धाडलेल्या नोटिसा. सख्खी माणसं एकमेकांशी कशी वागतात ते मी अक्षर न् अक्षर टाइप केलेलं आहे. मग एखादा परका माणूस दारात उभा राहून "काही देऊ नका, ताई, हे फुकट आहे" म्हणाला, तर मला संशय येणार नाही तर काय गहिवर येणार?

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. दोन टेबलं, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक झेरॉक्सचं मशीन. ते तापलं की त्याचं झाकण उघडून ठेवावं लागतं. आमच्या रांगेत आणखी चार टायपिंगवाले आहेत. माझ्यापेक्षा वेगाने टाइप करतात, कमी घेतात, वर हसून बोलतात. तरी लोक माझ्याकडे येतात, कारण इथलं बाहेर जात नाही. माझं दुकान या एका गोष्टीवर उभं आहे. शेजारणीने मृत्युपत्रात काय लिहिलं हे मी माझ्या जाऊबाईंनासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि त्यासाठी त्या आठ दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. बरंच झालं, आठ दिवस शांततेत गेले.

तर हे काका. पाठीमागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात. हे गळ्यात चष्म्याच्या दोरीला दोन पेनड्राइव्ह अडकवून दारोदार फिरायला लागले. कुणाचा कॉम्प्युटर जुना झालाय, कुणाचा हळू चालतोय, कुणाचं सॉफ्टवेअर चोरीचं आहे, म्हणजे आम्हा सगळ्यांचंच. तिथे बसायचे, जुनं काढायचे, आपलं घालायचे. लिहायला, हिशेबाला, चित्रं काढायला, सगळं. परत जाताना हात जोडायचे आणि चहासुद्धा अर्धाच घ्यायचे. दर शनिवारी वाचनालयात चार खुर्च्या मांडून शिकवायचेही. दारावर स्वतःच्या अक्षरात पाटी: आपला कॉम्प्युटर आपल्या मालकीचा करा. गल्लीने त्यांचं नाव फुकटकाका ठेवलं. ते चिडायचे नाहीत, फक्त दुरुस्ती करायचे. "फुकट हा त्यातला छोटा भाग आहे. मोकळं म्हणा. झाकण उघडून आत बघता येतं, म्हणून मोकळं."

जाऊबाईंचा शिवणवर्ग आहे. त्यांनी लगेच घालून घेतलं. फुकट ते पौष्टिक, हे त्यांचं आयुष्यभराचं धोरण. मला म्हणाल्या, "तूही घे की. तुझं काय जातंय?"

"काय जातंय ते नंतर कळतं," मी म्हणाले.

मी चौकशी सुरू केली. पेपरवाल्याला विचारलं, त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या बाईला विचारलं. कुठल्या कंपनीचा माणूस आहे का? निवडणुकीला उभं राहायचंय का? बायकोशी पटत नाही म्हणून बाहेर फिरतो का? काही हाती लागेना, आणि हाती लागेना म्हणून संशय आणखी वाढला. काहीतरी पाणी मुरतंय, नक्की.

शेवटी माझी पाळी आली. माझ्या कॉम्प्युटरमधलं चोरीचं सॉफ्टवेअर एका सोमवारी बसलंच. काळा पडदा, वर पांढरी ताकीद, आणि बाहेर सहा माणसं कागद घेऊन उभी. विकतचं घ्यायचं तर दरमहा भाडं. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या टेबलावर, लिहायचं भाडं! अडला हरी म्हणतात तशी मी गेले काकांकडे. पण अटी घालून. मी शेजारी बसणार. इंटरनेटची वायर काढून माझ्या मांडीवर ठेवणार. त्यांनी दाबलेलं प्रत्येक बटण मी वहीत लिहिणार.

"लिहा," काका म्हणाले. "उलट बरं. पुढच्या वेळी माझी गरज नाही."

घ्या. आपली गरज नाही असं सांगणारा कारागीर मी आजवर पाहिला नव्हता. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत मी लिहीत बसले, अकरा पानं भरली. मध्येच मी सरळ विचारलं, "काका, यात तुम्हाला मिळतं काय?"

त्यांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही. म्हणाले, "एका इमारतीत मी वीस वर्षं लिफ्ट सांभाळली. मग मालकाने नवी बसवली. तिची पेटी कुलूपबंद. कंपनीचा आकडा घातल्याशिवाय उघडायची नाही, आणि आकडा आम्हाला द्यायचा नाही. एक दिवस ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक बाई. कंपनीचा माणूस दुसऱ्या गावाहून यायचा होता. अडीच तास ती आतून दार ठोकत होती आणि मी हातात पाना घेऊन बाहेर उभा. बिघाड काय आहे ते मला आवाजावरून कळलं होतं, ताई. पण उघडायची परवानगी नव्हती." मग म्हणाले, "बाई सुखरूप बाहेर आली. मला मात्र झाकण बंद असलेली वस्तू सहन होत नाही."

गोष्ट चांगली होती. इतकी चांगली की तयार करून आणलेली असेल असं मला वाटलं.

मग त्यांनी माझी एक जुनी फाईल उघडून दाखवली, आणि माझं डोकंच फिरलं. सगळीकडे लाल. ओळी खोडलेल्या, ओळींवर ओळी, रंगीत रेघा. माझं काम कसं चालतं ते इथे सांगायला हवं. मृत्युपत्र कुणी कोऱ्या कागदावरून टाइप करत नाही. मागचं उघडायचं, नाव बदलायचं, पत्ता बदलायचा, मुलगा असेल तिथे मुलगी करायची, दुसऱ्या नावाने ठेवायचं. मागच्यावरून पुढचं. आमची सगळी रांग असंच करते आणि मीही पंचवीस वर्षं तसंच केलं. ती स्वच्छ, नीटनेटकी फाईल, आणि या नव्या प्रोग्रामने तिची पार वाट लावलेली.

"तुमच्या या फुकटच्या प्रोग्रामने माझ्या फाइली नासवल्या," मी म्हणाले.

"या रेघा आधीपासूनच आहेत, ताई. तुमचं जुनं त्या दाखवत नव्हतं, हे दाखवतंय. यात..."

"मला ते काही ऐकायचं नाही. घालवा."

"लपवता येतात. पण लपवल्या म्हणजे गेल्या असं नाही."

"दिसत नाहीत म्हणजे गेल्या. बाहेर माणसं उभी आहेत, काका."

त्यांनी एक बटण दाबलं. रेघा गेल्या. मी वहीत ते बटणही लिहिलं.

त्यानंतर मात्र हा माणूस माझ्या मागेच लागला. तीनदा आला. "ताई, तुमच्या जुन्या फाइली मला साफ करू द्या. कोरे नमुने करून देतो, त्यावरून टाइप करा. दोन दिवसांचं काम आहे." तीनदा. मी म्हटलं, आलं बघा पोटातलं ओठावर. कॉम्प्युटर हा बहाणा, काकांना हव्यात माझ्या फाइली. गावाची निम्मी मृत्युपत्रं माझ्याकडे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायला मी काही दूधखुळी नव्हते. तिसऱ्या वेळी मी त्यांना दारातच सांगितलं, "फाइलींचं नाव काढलंत तर पुन्हा यायचं नाही." ते मान हलवून गेले.

दोनेक महिन्यांनी निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही म्हणते, मला त्यांनी शिकवलेलं नाही तरी. त्यांना दोन मुली. बाईंनी एका दमात सांगितलं, मी टाइप केलं: घर धाकटीला. आणि पुढे एक वाक्य, मोठीबद्दल: 'जिने मला पंधरा वर्षांत एकदाही आपणहून विचारले नाही, तिला माझ्या घराच्या भिंतीही माझी आठवण म्हणून मिळू नयेत.' मी टाइप केलं. असली वाक्यं मी रोज टाइप करते, हात थांबत नाही.

दोन दिवसांनी बाई भर दुपारी पुन्हा आल्या, एकट्या, घामाघूम. म्हणाल्या, "ते वाक्य काढा. घराचं मग बघू, आधी ते काढा." मी काढलं. मग घर दोघींना अर्धं अर्धं झालं. "मी मेल्यावर भांडायला नकोत, आत्ताच वाचू दे दोघींना," असं म्हणून त्यांनी मुलींचे मेलचे पत्ते दिले. मी मुलींना फाईल मेलने पाठवली.

आठवड्याने बाई दुकानात आल्या तेव्हा मी त्यांना खुर्ची द्यायलाही विसरले, असा त्यांचा चेहरा होता.

"मी खोडलेलं वाक्य मोठीने वाचलं," त्या म्हणाल्या. "लाल रेघ मारलेलं. मला फोनवर अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं आणि फोन ठेवला. मनातलं वाईट मी खोडलं होतं ना? तुमच्यासमोर खोडलं होतं. मग ते बाहेर कसं गेलं?"

इथलं बाहेर गेलं होतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. आणि लाल रेघ म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. लाल रेघा कुणी आणल्या? फुकटकाकांनी. फाइलींच्या मागे कोण लागलं होतं? फुकटकाका. दोन आणि दोन चार. मी बाईंना म्हणाले, "तो माणूस. त्याच्या सॉफ्टवेअरने फाइली चोरल्या, आणि वर खोडलेलं उकरून पाठवलं."

आणि मी तिथेच थांबले नाही. मी थांबणारी बाई नाही. शिवणवर्गात सांगितलं, वाचनालयात सांगितलं, आमच्या रांगेतल्या चौघांना सांगितलं. कधी नव्हे ते माझ्या तोंडून बातमी निघाली होती, त्यामुळे लोकांनी ती झेललीच. चार दिवसांत गल्लीतल्या निम्म्या कॉम्प्युटरांवरून काकांचं काम पुसलं गेलं. जाऊबाईंनी पुन्हा चोरीचं घालून घेतलं, पैसे देऊन. शनिवारी वाचनालयात चार खुर्च्या मांडल्या आणि पाचवा माणूस सोडा, पहिलाही आला नाही. पुढच्या शनिवारी वाचनालयाने खुर्च्याच दिल्या नाहीत.

काका माझ्याकडे आले. रागावले नव्हते, हे मला जास्त खटकलं. म्हणाले, "बाईंची फाईल एकदा बघू का?"

"अजून बघायची राहिलीय का?" मी म्हणाले.

त्यांनी दारावरचा हात काढला आणि गेले. कर नाही त्याला डर कशाला, मग हा गप्प का, असं मी जाऊबाईंना मुद्दाम विचारलं. गप्प आहे म्हणजे केलंय, त्या म्हणाल्या. मलाही तेच हवं होतं.

मग एका दुपारी बाईंची मोठी मुलगी आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण हनुवटी बाईंचीच. बॅगेतून लॅपटॉप काढून तिने माझ्या टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता ही भांडणार. ती भांडली नाही.

"मला एकच विचारायचंय. हे वाक्य आईने स्वतः खोडायला सांगितलं, की धाकटीने, की वकिलाने?"

"स्वतः," मी म्हणाले. "भर उन्हात एकट्या आल्या होत्या. घराचं नंतर, आधी ते वाक्य काढा म्हणाल्या."

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "यात आणखीही माणसं आहेत. ती कोण?"

मी खुर्ची जवळ ओढली. बाईंच्या वाक्याच्या खाली, लाल रेघेखाली, एका किराणा दुकानदाराचं नाव होतं. त्याच्याखाली एका डॉक्टरांचं. त्यांनी कुणाला वगळलं होतं, मग कुणाला घेतलं होतं, सगळं. प्रत्येक खोडलेल्या ओळीवर बाण नेला की एक छोटी चौकट उघडायची. कुणी खोडलं: टायपिंग एक. म्हणजे माझाच कॉम्प्युटर. आणि तारीख. मी खाली खाली जात राहिले. दोन वर्षं, तीन, पाच. सर्वांत खालची ओळ सहा वर्षांपूर्वीची होती. तेव्हा काका लिफ्ट दुरुस्त करत होते आणि मी त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं.

तेव्हा मला आठवलं. सहा वर्षांपूर्वी एका वकिलाने हट्ट धरला होता, वाटणीपत्रात काय काय बदललं ते मला दिसलं पाहिजे. त्याच्यासाठी मी बदल नोंदवायचं बटण सुरू केलं. मग त्या रेघा डोळ्यांत खुपायला लागल्या म्हणून दिसायच्या बंद केल्या. नोंदवणं बंद करायचं राहिलं. त्याच वाटणीपत्रावरून पुढचं केलं, त्यावरून त्याच्या पुढचं, मागच्यावरून पुढचं, सहा वर्षं. कागदावर छापलं की स्वच्छ यायचं. पण अलीकडे लोक म्हणायला लागले होते, ताई, मेल करा. मी मेल करत होते, आणि माझ्याकडे लपवलेल्या रेघा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघड्या पडत होत्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. आणि चोर तरी कुठला, मीच.

"आईला सांगू नका मी आले होते ते," मोठी म्हणाली आणि लॅपटॉप बंद करून गेली.

मी दुकान बंद केलं, दिवसाढवळ्या, बाहेर माणसं असताना. खरं सांगायचं तर जिन्यावर माझ्या मनात दुसराच विचार आला. कुणाला माहीत आहे हे? मला आणि मोठीला. मोठी दुसऱ्या गावी राहते. काकांचं नाव तर बुडालंच आहे, ते बुडालेलं राहील. माझं दुकान चालेल. दुसऱ्या मजल्यापर्यंत मी हा विचार करत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. तिसऱ्या मजल्यावर काकूंनी दार उघडलं, मला बघितलं, आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं. तेव्हा वाटली.

काका खिडकीशी बसून कुणाचा तरी रेडिओ उघडत होते. मी उभ्यानेच सांगितलं, "चूक माझी होती. सहा वर्षांची आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी तारखा दिसल्या होत्या."

"मग तोंड का उघडलं नाहीत? गल्लीभर मी तुम्हाला चोर म्हणत फिरले. एक शब्द बोलायचा होतात."

"काय बोलणार होतो? ताईंच्या फाइलीत मागच्या सगळ्यांचं खोडलेलं असतं, असं? मग त्या रात्री प्रत्येक घरात लोक आपापल्या मेलमधली जुनी फाईल उघडून बसले असते. आई काय म्हणाली होती, बापाने आधी कुणाला वगळलं होतं. बाईंच्या घरी जे झालं ते शंभर घरांत झालं असतं." त्यांनी स्क्रू बशीत ठेवला. "मला गप्प बसलेलं परवडतं. माझ्याकडे कुणी मृत्युपत्र करायला येत नाही."

मला रडू आलं. दुकानात मी रडणाऱ्यांना टिश्यू देते, स्वतः रडायची सवय नाही, त्यामुळे ते धड जमलंही नाही. काकूंनी पाण्याचा दुसरा पेला आणला. थोड्या वेळाने मी म्हणाले, "माझ्या फाइली साफ करून द्या."

"करून देणार नाही. दाखवतो, तुम्ही करा."

तीन आठवडे ते रोज दुकानात आले. खुर्ची उलटी फिरवून, स्क्रीनकडे पाठ करून बसायचे आणि सांगायचे: आता वरची यादी, आता सगळे बदल स्वीकारा, आता जतन करा, नोंदवणं बंद आहे ना बघा. अकराशे फाइली. एकदाही त्यांनी मान वळवली नाही. निघून गेलेल्या फाइलींना मात्र आता कुणीच काही करू शकत नव्हतं. त्या ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे आहेत, आणि कुणी उघडून बघू नये एवढंच आम्ही दोघं म्हणू शकतो. बाई मध्ये एकदा येऊन सांगून गेल्या की मोठी येऊन दोन दिवस राहिली. फार बोलली नाही, पण राहिली.

राहता राहिलं काकांचं नाव. ते बुडवताना मला चार दिवस लागले होते, म्हणून वर काढायलाही तेवढेच लागतील असं मी धरलं होतं. मी शिवणवर्गात गेले, सगळ्या शिकणाऱ्या मुलींसमोर, मोठ्याने म्हणाले, "काकांनी काही चोरलेलं नाही. चूक माझ्या हातून झाली होती."

यंत्रं थांबली. जाऊबाईंनी कात्री खाली ठेवली. "कसली चूक?"

आणि ते मला सांगता येणार नव्हतं. सांगितलं तर यातल्या प्रत्येकीच्या घरात माझी एकेक फाईल होती. "झाली," मी म्हणाले. "कसली ते विचारू नका."

जाऊबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. तीन आठवडे तो माणूस माझ्या दुकानात रोज दार लोटून बसलेला त्यांनी पाहिलाच होता, सगळ्यांनीच पाहिला होता. मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून, त्यांनी विचारलं, "खरं सांग, तुला काय दिलं त्याने?"

"काही नाही," मी म्हणाले.

ते खरं होतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही ते मानलं नसतं.